कापलेली दोन मिनिटं

"चूक." ट्रिशने व्हर्नाची चिठ्ठी मनातल्या मनात वाचून घडी घातली. "डेप्युटी हार्लनच्या बायकोचं नाव मालिकेत कधीच येत नाही. कार्डावर तसंच आहे."

"येतं," व्हर्ना म्हणाली. "एकदाच. तिसऱ्या भागात."

ओहायोतल्या त्या वृद्धनिवासात दर मंगळवारी दुपारी जुन्या टीव्ही मालिकांवर प्रश्नमंजुषा असते. हा शेवटचा प्रश्न, पाळी व्हर्नाची, गुण सारखे. पण तिच्या मागे बसलेल्या तिच्या मुलीला, गेलला, गुणांचं काहीच पडलं नव्हतं. आईला तिसऱ्या मजल्यावर हलवायचं का, हे तिला आज ट्रिशला, म्हणजे निवासाच्या व्यवस्थापिकेला, सांगायचं होतं. तिथे विसरायला लागलेले लोक राहतात. दार आतून उघडत नाही.

"आई, जाऊ दे ना," गेल हळूच म्हणाली. "मी ती मालिका शंभरदा बघितलीये. त्या बाईला नावच नाहीये."

"तू बघितलीस शाळेतून आल्यावर. तेव्हा जुनेच भाग परत दाखवायचे. जास्त जाहिराती घुसवायला प्रत्येक भागातली दोन-दोन मिनिटं कापायचे. मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा मी बघितली. एकसष्ट साली, दर शुक्रवारी."

ट्रिशने गेलकडे पाहिलं. गेलने मान खाली घातली.

व्हर्नाला ते दिसलं.

"लायमन!" तिने समोरच्या संघातल्या म्हाताऱ्याला हाक मारली. "एकसष्ट साली तुझ्या घरी टीव्ही होता ना रे?"

"तुझ्या नवऱ्याच्या आधी घेतलेला."

"मग हार्लनच्या बायकोचं नाव लिही. बोलू नकोस, लिही."

"अगं, मी लिहिलं तर तू जिंकशील!"

"म्हणून तर तुला सांगतेय."

लायमन जरा वेळ पेन चावत बसला. मग त्याने कागदी रुमालावर एक शब्द लिहिला. ट्रिशने रुमाल आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली.

दोन्हीवर ओपल.

"घोड्यावर बसताना हार्लन म्हणतो," लायमन म्हणाला. "'ओपल, दार लाव, कुत्रं आत येईल.'"

"कुत्रं नाही, बकरी," व्हर्ना म्हणाली.

लायमनने डोळे मिटले. ओठ हलले. "बकरी," तो म्हणाला.

ट्रिशने फळ्यावर गुण लिहिला आणि गेलजवळ येऊन वाकली. "मग, वरच्या मजल्याचं काय करायचं?"

गेलने मान हलवली, नाही. खुर्ची ओढत ती आईच्या समोर आली.

"आई, अजून काय काय कापलं होतं गं?"

"कॉफी आण आधी," व्हर्ना म्हणाली. "एकशे बारा भाग आहेत."