कितवा दिवस?

"कितवा दिवस?" खाटकाने सुरी खाली ठेवत विचारलं.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "कशाचा?"

"मास्तर, दिवसभर माणसांची तोंडं बघण्यात जन्म गेला माझा. कितवा?"

"पाचवा," मास्तर पुटपुटले.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. रोज आठ तास शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि वेळ पडली तर आपल्या पायापाशी असलेला जादा ब्रेक दाबायचा, हे त्यांचं काम. तीन महिन्यांपूर्वी रक्तातली साखर बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याच दिवशी मास्तरांनी पोळी, भात, बटाटा आणि साखर यांच्याशी काडीमोड घेतला. सकाळी अंडी, दुपारी कोंबडी, रात्री मटण. पट्टा दोन भोकं आत गेला, साखर ताळ्यावर आली, शेजारीपाजारी कौतुक करू लागले. फक्त एक गोष्ट घडेनाशी झाली. सकाळी ते वर्तमानपत्र घेऊन आत जायचे, छोट्या जाहिरातींसकट सगळं वाचून काढायचे आणि गेले तसेच बाहेर यायचे. बायको दाराबाहेरून विचारायची, "काही बातमी?" आतून फक्त पान उलटल्याचा आवाज यायचा.

चटके बसायचे ते शिकणाऱ्यांना. कालच एका बाईंनी लाल दिव्यापाशी गाडी अगदी नीट थांबवली, तरी मास्तर खेकसले, "सारखं काय थांबायचं? काहीतरी पुढे सरकू द्या." बाई रडवेल्या झाल्या. मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली.

खाटकाने आज नेहमीच्या निम्मंच मटण तोललं. "नुसत्या मांसाने कोठा अडणारच. जोडीला पालक हवा, कोबी हवा, काकडी हवी. जवस भाजून ठेवा, रोज दोन चमचे. पाणी घोट-घोट नको, तांब्याने प्या. आणि तुमचं बैठं काम, तेव्हा संध्याकाळी पाय मोकळे करा." मग त्याचा आवाज खाली आला. "भाजी समोरूनच घ्या. सगळं दोन-दोन घ्या. आणि मी सांगितलं म्हणू नका."

समोर म्हणजे आठ पावलांवर. तिथला भाजीवाला खाटकाचा सख्खा थोरला भाऊ. सात वर्षांपूर्वी खाटकाच्या दुकानातलं बर्फाचं पाणी वाहत गेलं आणि थोरल्याची पालेभाजी नासली. शब्दाने शब्द वाढला, आणि मग शब्दच संपले. तेव्हापासून दोघं दिवसभर समोरासमोर बसत आणि एकमेकांच्या डोक्यावरून पलीकडे बघत. बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मध्ये पडायची कुणाची छाती नव्हती.

मास्तर गल्ली ओलांडून गेले. "पालक, कोबी, काकडी. जवस असले तर तेही. सगळं दोन-दोन."

थोरल्याने एकवार त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "कितवा दिवस?"

मास्तरांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. "पाचवा."

"पाहुणे आहेत घरी?"

"नाही, आम्ही दोघंच. आणि तिला काही त्रास नाही, ती सगळं खाते."

"मग दोन-दोन कशाला?"

मास्तरांना चटकन खोटं सुचेना. नजर आपसूक मागे वळली. खाटीक घाईघाईने धारदार सुरीलाच पुन्हा धार लावायला लागला होता. सदरा त्याच्या अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. इतके दिवस समोर उभं राहून मटण घेतलं, पण हे मास्तरांच्या लक्षातच आलं नव्हतं.

थोरला त्या सदऱ्याकडे बघत राहिला. "यानेही तुमच्यासारखं नुसतं मांसच धरलंय वाटतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "लहानपणापासून पाणी प्यायचं म्हटलं की याच्या जिवावर येतं. आई तांब्या घेऊन मागे धावायची."

त्याने दोन पिशव्या भरल्या. एक मास्तरांच्या हातात दिली. दुसरी स्वतः उचलली आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. गल्लीतली बोलणी एकेक करत थांबली. शेजारचा अंडीवाला हातातलं अंडं ठेवायचं विसरला.

आठ पावलं टाकून थोरला धाकट्यासमोर उभा राहिला. "कितवा दिवस?"

खाटकाने मान वर केली नाही. "चौथा, दादा."

"आणि पाणी?"

धाकटा सुरी पुसू लागला. थोरल्याने कोपऱ्यातला तांब्या उचलला, भरला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. मास्तर आपली पिशवी घेऊन गाडीकडे गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते वर्तमानपत्राचं पहिलं पानही न वाचता बाहेर आले.

"काही बातमी?" बायकोने विचारलं.

"आहे," मास्तर म्हणाले, आणि खुर्चीत असे बसले की जणू मोठी बढती मिळाली होती.

त्या दिवशी लाल दिव्यापाशी रडवेल्या झालेल्या बाईंनी गाडी सरळ फुटपाथवर चढवली. "होतं असं," मास्तर म्हणाले. "सावकाश मागे घ्या. घाई कुणाला आहे?" बाईंना वाटलं, मास्तरांना ताप आला असावा.

आठवड्याने ते मटणाला गेले तेव्हा खाटीक भलताच खुशीत होता. मास्तरांनी आभार मानले. "तुमचा उपाय लागू पडला बघा. तुमचं काय झालं?"

"माझं? दुसऱ्याच दिवशी मोकळं," खाटीक म्हणाला. मग त्याने समोर पाहिलं. थोरला पालक निवडून एक जुडी बाजूला काढून ठेवत होता. खाटीक मास्तरांच्या कानाशी वाकला.

"पण जरा हळू बोला. दादाला मी अजून नाहीच असं सांगतोय. रोज सकाळी विचारायला येतो तो."