पिशवीला कांजी

विमान सोनेगावच्या मैदानावर घिरट्या घालू लागलं, तेव्हा हवालदार शालिकरामची छाती दोन इंच फुगली. आज सारं कसं चोख होतं. चुन्याच्या रेघा सरळ, शिपायांच्या पट्ट्यांचं पितळ लखलखीत, आणि कडेच्या उंच खांबावरची ती कापडाची लांब पिशवी एकदम ताठ. लाटसाहेब पहिल्यांदाच आगगाडी सोडून विमानाने नागपुरात उतरत होते आणि मैदानाचा बंदोबस्त शालिकरामकडे होता. पेन्शनीला तीन महिने उरले होते. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर एक डाग नव्हता.

काल ती पिशवी बघवत नव्हती. म्हाताऱ्याच्या पायजम्यासारखी लोंबत होती. "उद्या सगळं कडक पाहिजे," इन्स्पेक्टर वामनराव बजावून गेले होते. शालिकरामने ती उतरवून घरी नेली. बायकोने, पंचफुलाने, धुऊन तांदळाची दाट कांजी केली आणि तांब्यात निखारे भरून इस्त्री फिरवली. सकाळी त्याने ती पुन्हा चढवली. वाऱ्याने वेडीवाकडी होऊ नये म्हणून आत बांबूची कामटी घातली, शेपूट स्वागताच्या मांडवाकडे केलं आणि सुतळीने आवळून टाकली. वामनराव तिच्याकडे बघून म्हणाले होते, "याले म्हणतात बंदोबस्त!"

विमान खाली आलं, पण इतक्या जोरात, की चाकं टेकतात न टेकतात तोच मैदान संपत आलं. समोरच्या बाभळींच्या शेंड्यांवरून ते कसंबसं पुन्हा वर गेलं. गर्दीने टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, सलामी दिली.

"हवालदार साहेब," दोरीपलीकडून कवडूने हाक मारली. शेजारच्या शेतात त्याचं खळं होतं आणि आज उपणणी बंद ठेवायला लावली म्हणून तो सकाळपासून कुरकुरत होता. "वारं तर मांडवाकडून येऊन राहिलं. तुमची पिशवी उलटी काहून दाखवते?"

"शोभेची आहे ते."

"शोभेची? मागच्या महिन्यात गोरा उतरला होता, त्याच्या संगच्या बाबूनं मले सांगतलं. वरून वारं समजत नाही म्हणते. पिशवी पाहून वाऱ्याच्या समोरून उतरतात ते."

शालिकरामने मांडवाच्या झालरीकडे पाहिलं. झालर एका बाजूला फडफडत होती, पिशवी दुसऱ्या बाजूला बोट दाखवत होती.

गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. खांबाकडे जाणं म्हणजे जागा सोडणं, आणि घोळ कुणी घातला ते साऱ्या नागपूरसमोर सांगणं. पेन्शन डोळ्यांपुढे आली. मग विमानाची घरघर पुन्हा जवळ आली आणि तो पळत सुटला.

"शालिकराम! जागेवर!" वामनराव ओरडले.

त्याने दोरी सोडून पिशवी खाली घेतली, सुतळी तोडली, कामटी उपसली. तरी ती वाकेना. पंचफुलाने कांजी करण्यात कधी कसूर केली नव्हती. विमान बाभळींपाशी वळत होतं.

शालिकरामने डोक्याला हात घातला आणि साफा ओढला. लाटसाहेबाच्या बंदोबस्तात उघडं डोकं! पोलिसात याहून मोठी बेअदबी नव्हती. आठ हात कापड भराभर उलगडलं, दोरीला बांधलं गेलं आणि वर चढलं. वाऱ्याने ते धरलं. लाल साफा मांडवाकडे पाठ करून सरळ उडू लागला.

विमान येता येता थबकल्यासारखं झालं, वर गेलं, मैदानाला मोठा वळसा घालून दुसऱ्या बाजूने आलं आणि अलगद टेकलं.

लाटसाहेब उतरले. रांगेतले सारे हात एकदम कपाळाशी गेले. शालिकरामचा तेवढा मांडीशीच राहिला. उघड्या डोक्याने सलाम करायचा नाही, हा नियम त्याने स्वतःच कितीतरी रंगरुटांना शिकवला होता. साहेब पुढे गेले. वामनरावांचा चेहरा लाल झाला होता.

विमान चालवणारा गोरा सर्वांत शेवटी उतरला. तो थेट खांबापाशी गेला, खाली पडलेली पिशवी उचलली आणि तिच्यावर बोटाने टकटक वाजवलं. मग वर साफ्याकडे पाहिलं. "ये किसने किया?"

वामनराव खाली बघू लागले.

"थैली भी मैंने, हुजूर," शालिकराम म्हणाला. "साफा भी मैंने."

गोऱ्याने आपली कातडी टोपी काढली, काखेत धरली, क्षणभर तसाच समोर उभा राहिला आणि मांडवाकडे निघून गेला.

आता वामनराव आले. शालिकरामने मान खाली घातली.

"चार वाजता विमान परत जाणार," ते म्हणाले. "तोवर साफा वरच राहू दे."

"हो साहेब."

वामनरावांनी खिशातून रुमाल काढला. घडीचा, कडक इस्त्रीचा. तो त्यांनी मुठीत दोनदा चुरगळून मऊ केला आणि पुढे धरला.

"डोक्यावर टाक गा. ऊन लागन."