सान्वीचं पान

"खाईल गं. सगळं तिच्या आवडीचं आहे," काळुराममामा म्हणाला आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवला.

सान्वीचं पान आज घराबाहेर मांडलं होतं, कोलशेतला खाडीकाठी. वरणभात, वर तूप, पनीर फ्रँकी, चॉकलेट केक. तिच्याआधी कुणी घास घ्यायचा नव्हता. सगळं घर जरा लांब उभं होतं, पानाकडे बघत नाही असं दाखवत. डॉक्टर समीक्षाही आल्या होत्या.

त्यांच्या माजिवड्याच्या दवाखान्यात गोळ्या कमी आणि प्रश्न फार.

"तुमचं जेवणाचं टेबल म्हणजे रणांगण झालंय," त्या कल्पिताला म्हणालेल्या. "सान्वी अन्नाला नको म्हणत नाहीये. तुम्हाला म्हणतेय. घरात आणखी कशाला नको म्हणता येतं तिला?"

कल्पिताने आठवून पाहिलं. सान्वीचं कॉलेज आईने निवडलेलं. कपडे तिनेच. लेकीच्या मैत्रिणीसुद्धा तिनेच गाळून घेतलेल्या.

"आई आहे मी तिची."

"तिच्या वजनाकडे दुसरे डॉक्टर बघतायत. तुम्ही फक्त एकदा म्हणून बघा, नको तर नको खाऊस."

"जीभ झडेल माझी!"

पुढच्या आठवड्यापासून कल्पिताने दोन्ही डॉक्टर बंद केले. पैसे मोजून आईचेच दोष ऐकायचे, तर त्याला घरी सासू फुकट होती. सान्वीला आपण बरोबर खायला लावू, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

"अगं, काहीतरी कबूल कर तिला," मामा कुजबुजला. "त्याशिवाय नाही ऐकायची."

"सान्वी, नवा फोन घेते."

पान तसंच.

"नाटकात काम कर. मी अडवणार नाही. खरंच."

तूप थिजलं. केकवर मुंग्या आल्या.

"हट्टी! आईवर गेलीय," मामा म्हणाला. "माझी बीपीची गोळी राहिलीय, कल्पे. उपाशीपोटी घेता येत नाही."

कल्पिताने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान खाली घातली.

ती पानापुढे वाकली.

"सान्वी, नको असेल... तर नको खाऊस, बाळा."

बोलणं पुरं व्हायच्या आत पिंपळावरून कावळा उतरला आणि सान्वीच्या पिंडाला शिवला.