नकाशा पसंत आहे का?

पार्किन्सन झालेल्या बुऱ्हाणपूरच्या काही मंडळींनी तापीपलीकडे जैनाबादला एकत्र राहायचं ठरवलं आणि घराचा नकाशा काढायचं काम इंजिनिअर निरंजनकडे आलं. त्याने जीव ओतून नकाशा काढला, सगळ्यांसमोर भिंतीवर लावला, पण एकाच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. जणू सगळे कुणाच्या दहाव्यालाच बसले होते.

निरंजनला अन्न गोड लागेना. पुढच्या बैठकीला त्याने ओसरी ऐसपैस केली, तिच्यात झोपाळा टांगला. चेहरे तसेच. मग बहादरपूरहून येणाऱ्या धुरपदाबाईंसाठी दारात केळीची बाग आली, भजनाला मांडव आला. तरी सगळे ढिम्म. शेवटी घाबरून त्याने बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यातल्या शाही हमामासारखं नक्षीदार छताचं न्हाणीघरही काढून आणला, तर मंडळी पापणी न हलवता त्याच्याकडे बघतच राहिली.

त्याचा धीर सुटला. नकाशे गुंडाळत तो म्हणाला, "माफ करा, तुमच्या मनासारखं घर माझ्याच्यानं होणार नाही. दुसरा कुणी बघा."

धुरपदाबाईंनी थरथरत्या हाताने त्याची बाही धरली. त्यांचा आवाज इतका बारीक होता, की ऐकायला त्याला खाली वाकावं लागलं.



"बेटा, या बिमारीत चेहरा आखडून जातो. आम्ही सगळे तर पहिल्याच नकाशापासून हसून राहिलो!"