काळजीची पेटी

परदेशातल्या आमच्या शाळेत मुलं आपली काळजी चिठ्ठीवर लिहून एका पेटीत टाकतात, नाव न घालता. ती पेटी उघडायचं काम मी आपणहून अंगावर घेतलंय. तसंही कोणी जादा काम सांगितलं, की इथल्या सगळ्यांसारखी, "चालेल की" या अर्थाने, "ग्रँड!" म्हणून मी मोकळी होते. शिवाय अक्षरावरून मूल ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

शुक्रवारची एक चिठ्ठी मात्र ओळखू येईना.

"डबा खाताना माझ्या शेजारी कुणी बसत नाही. मी मॅमला सांगितलं. ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, ग्रँड."

इथली मुलं आईला मॅम म्हणतात. माझं डोकंच फिरलं. चिठ्ठी घेऊन तडक ओर्लाच्या वर्गात गेले. ती तिसरीला शिकवते, आणि अक्षर त्याच वयाच्या मुलाचं वाटत होतं.

"कसल्या आया असतात गं! पोर जीव तोडून सांगतेय आणि हिचं लक्षच नाही. आजच बोलावून घे हिला. मीच बोलते, चांगली खडसावते."

ओर्लाने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग उठून वर्गाचं दार लावलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बस, वृंदा."

"बसायला वेळ नाहीये. होमवर्क क्लबची मुलं थांबलीयत. अक्षर कुणाचं आहे, तेवढं सांग."

तिने चिठ्ठी माझ्या हातात परत दिली.

"तुझ्या लेकीचं, रेवाचं."