पॅडचा आवाज

“टाच फिरव! आधी कंबर येऊ दे. हात शेवटी गं बाई, हात शेवटी!”

ताईने ठोसे झेलायचे दोन्ही पॅड छातीसमोर धरले होते. धाकटीने मागची टाच फिरवली, कंबर वळवली आणि ठोसा मारला. फाट! रिकाम्या व्यायामशाळेत आवाज घुमला. कोपऱ्यातल्या गादीवर तिचं बाळ मुठी वळून झोपलं होतं. रात्रभर आईला जागवून साहेब आता आराम करत होते.

“बघ! ही बाळंतपणातून उठलीय हे कुणाला खरं वाटेल का?” ताई म्हणाली. ताई तिची सख्खी बहीण, आणि प्रशिक्षकही.

धाकटीचे डोळे चुरचुरत होते. अंग कुणी पिळून वाळत घातल्यासारखं झालं होतं. घरी दिवसभर तिच्या हातून काही म्हणता काही धड होत नसे. दूध उतू जाई, बाळाचा एकच मोजा सापडे. इथे मात्र तिचा ठोसा वाजायचा. त्या आवाजासाठीच ती रोज पाय ओढत येई. उद्या बॉक्सिंगच्या संघाची निवड होती. जुनी जागा परत हवी असेल, तर उद्या रिंगणात उतरायलाच हवं होतं.

फाट. फाट. आणि पुढच्या ठोशाला तिला उभ्या उभ्या डुलकी लागली. क्षणभरच. टाच जमिनीला चिकटून राहिली, कंबर जागची हलली नाही, नुसता हात तेवढा पुढे गेला. मेलेला ठोसा. असा ठोसा पडला की कुणी सांगायला लागत नाही, आधी पायालाच कळतं.

आणि पॅड वाजला तो आधीच्यापेक्षाही मोठ्याने.

“शाब्बास!”

धाकटीने मनगटाने घाम पुसला. पुन्हा पवित्रा घेतला. ठोसा सोडला, आणि मूठ अर्ध्या वाटेतच थांबवली. ताईचा हात सवयीने पुढे झेपावला. पॅड येऊन थांबलेल्या मुठीवर आदळला.

फाट!

धाकटीने मूठ खाली घेतली.

“पॅड असा पुढे आणून आपटणं, हे तू नवख्या पोरींसाठी करतेस ना,” धाकटी म्हणाली. “त्यांना हुरूप यावा म्हणून.”

“तू सोडून देशील असं वाटलं गं.” ताईची मान खाली. “किती दमलेली दिसायचीस.”

“आणि उद्या? उद्या समोरची स्वतःहून तोंड पुढे करत धावत येणार होती का?”

ताईला फस्सकन हसू आलं आणि लगोलग डोळे भरले. “उद्याच्या निवडीतून तुझं नाव काढू?”

“काढ.”

हा शब्द इतका सहज निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिने ग्लोव्हजच्या पट्ट्या दातांनी ओढून घट्ट केल्या.

“आता धर. आणि हात हलवलास तर याद राख.”

ताईने पॅड भिंतीसारखा धरला. धाकटीने टाच फिरवली. मग कंबर, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी हात.

धप्प. उशीवर हात पडावा, एवढाच आवाज.

“हा माझा,” धाकटी म्हणाली. “पुन्हा धर.”