धाकट्याचा कंट्रोलर

कंट्रोलर टेबलावर ठेवून तिने त्याला थेट बॅटरी जोडली आणि समोर स्टूल ओढून बसली. हिरवा दिवा लागला. आता वीस मिनिटं तो विझता कामा नये. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी ती बसली होती. फरक इतकाच, की आजारी माणूस अधूनमधून पाणी तरी मागतो.

वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी नव्हतं. टीम सकाळीच रोबो घेऊन स्पर्धेला गेली होती. व्हॅनमध्ये ड्रायव्हर सोडून नऊ सीट. आठांवर आठ जण बसले, नववीवर रोबोला बसवून पट्टा लावला. पट्टा पुरतो का हे बघायला आधी तिलाच मांडीवर रोबो देऊन तिथे बसवलं होतं. पुरतो असं ठरल्यावर ती उतरली.

बारा वाजता कॅप्टनचा फोन आला. थोरल्याचा, म्हणजे स्पर्धेतल्या रोबोचा, कंट्रोलर जळाला होता. आता उरला एकच, धाकट्याचा. धाकटा म्हणजे सरावाचा रोबो. टीमची रीतच होती, थोरल्यावरचं जे बिघडेल ते काढून धाकट्याला लावायचं. त्यामुळे तो जरा वळला की बंद पडायचा, यात कुणाला नवल वाटलं नाही. कंट्रोलर खराब असणार, झालं. बंद पडला की रबरी हातोडीने दोन ठोके द्यायचे. तीन आठवडे हेच औषध चालू होतं आणि लागूही पडत होतं, म्हणून पुढे कुणी डोकं चालवलं नाही.

"अगं, तो वापरण्यासारखा आहे का, एवढंच बघून सांग," कॅप्टन म्हणाला होता. "अडीचला आपली फेरी आहे."

"चांगला निघाला तर?"

"तर इकडे आणावा लागेल."

आणावा लागेल, हे तिने नीट ऐकून ठेवलं. कंट्रोलर काही आपल्या पायांनी जाणार नव्हता. कुणीतरी न्यायला हवा होता, आणि कुणीतरी म्हणावं असं इथे एकच माणूस होतं.

वीस मिनिटं झाली. दिवा विझला नाही. तिने टेबलाला हातोडीचा ठोका दिला, तरी विझला नाही. मग तिने कंट्रोलर पुन्हा धाकट्यावर बसवला आणि एकेक वायर बोटाने हलवत गेली. बॅटरीकडून येणाऱ्या जाड लाल वायरीला बोट लागलं आणि दिवा गेला.

स्क्रू सैल करून तिने वायर बाहेर ओढली. टोक पुरतं सोललेलंच नव्हतं. स्क्रूने तांब्याऐवजी वरचं प्लास्टिक आवळून धरलं होतं. तीन आठवडे धाकटा कडेच्या दोन-चार तारांच्या जिवावर दिवस काढत होता. ही वायर कॅप्टनने स्वतः बसवली होती, वायर कशी बसवायची हे सगळ्यांना शिकवताना.

तिने टोक सोललं, स्क्रू आवळला आणि धाकट्याला गोल गोल फिरवलं. सात फेऱ्या मारूनही तो बंद पडला नाही. कुणी बघत नव्हतं म्हणून आठवी जरा वेगात मारली.

मग कंट्रोलर काढून खोक्यात घातला, हात धुतले, टीमचा टी-शर्ट चढवला, पाठीला सॅक अडकवली आणि फोन लावला.

"चांगला आहे. वायर नीट सोललेली नव्हती."

"कुणी बसवली होती?"

"असेल कुणीतरी. मी निघते, अर्ध्या तासात..."

"तू कशाला? पास आठच आहेत, गेटवरच अडवतील तुला. डिलिव्हरीवाला पाठवतो. खोका तेवढा नीट बंद कर हं." मागून त्याला कुणीतरी हाक मारली. "मस्त काम झालं," तो म्हणाला. ते तिला म्हणाला की हाक मारणाऱ्याला, हे कळायच्या आत फोन बंद झाला होता.

डिलिव्हरीवाला दहा मिनिटांत आला. त्याने हेल्मेट काढलं नाही.

"आत काय आहे, ताई?"

"मेंदू."

"आडवा ठेवला तर चालेल?"

"चालेल."

त्याने मोबाइल वर धरला. "खोक्यावर हात ठेवा, फोटो काढायचाय. हात नसला की कंपनी म्हणते, रस्त्यावरून उचललास."

तिने टी-शर्ट खाली ओढला, केस कानामागे सारले आणि खोक्यामागे उभी राहिली.

"चेहरा नको, ताई. चेहरा आला की फोटो घेतच नाहीत ते."

ती बाजूला सरकली आणि नुसता हात ठेवला. करंगळीला थोडं ग्रीस राहिलंच होतं.

"दादा, मी मागे बसून येऊ का? गेटपर्यंतच."

त्याने खरोखर विचार केला. "माणूस न्यायचं ॲप वेगळं आहे," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं.

गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळून गेला, तेव्हा तिचा मोबाइल वाजला. ॲपवरून आलेला तो फोटो कॅप्टनने टीमच्या ग्रुपवर टाकला होता. 'कंट्रोलर निघाला.'

खाली एकाने विचारलं, 'हात कुणाचा?'

ती लिहायला लागली. 'मा' एवढं लिहून झालं, तेवढ्यात दुसऱ्या कुणाचं तरी उत्तर आलं. 'डिलिव्हरीवाल्याचा असेल.'

त्या उत्तराखाली अंगठे येऊ लागले. चार, पाच, सात.

तिने 'मा' खोडला आणि आठवा अंगठा दिला.